शून्य आणि शून्य

आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांकडून एक गोष्ट जरूर शिकावी. कारखान्यातल्या टाकीची पातळी मोजणारा ट्रान्समीटर कंट्रोल रूमकडे ४ ते २० मिलिअँपिअर करंट पाठवतो. टाकी रिकामी असेल तर ४, काठोकाठ भरली की २०. मग सुरुवात ० पासून का नाही? कारण वायर तुटली की करंट ० होतो! ० म्हणजेच 'रिकामी' असं ठरवलं असतं, तर वायर तुटल्यावर भरलेल्या टाकीतही पंप पाणी ओतत राहिला असता. शिवाय दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतः चालतो तोही याच करंटवर.

आपण मात्र सेन्सरकडून उत्तर आलं नाही की बिनदिक्कत ० लिहून मोकळे! 'काही नाही' आणि 'काही कळलं नाही' यात फरक आहे, राव. तो न पाळणारा प्रोग्रॅम माझ्या मते कच्चाच.