बरे करायचे ते कोणाला?

मुलगा किंवा मुलगी समलिंगी आहे असे कळले की बहुतेक घरांत पायाखालची जमीन सरकते. आधी देवाचा अंगारा होतो, गंडेदोरे होतात, मग घाईघाईने स्थळे पाहिली जातात. यातले काहीच जमले नाही की शेवटी आईवडील डॉक्टरांपुढे हात जोडतात, "काहीही करा, पण याला बरे करा!" हे सारे पोटच्या पोराच्या काळजीने होते, यात शंका नाही. पण जो आजारच नाही, त्यावर औषध कोठून आणायचे?

मदुराईच्या दोन तरुणींची हकिगत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. एकमेकींवर प्रेम असलेल्या या दोघी घरच्यांच्या विरोधामुळे चेन्नईला निघून गेल्या. घरच्यांनी मुली बेपत्ता झाल्याची तक्रार पोलिसांत दिली. पोलिसांचा ससेमिरा मागे लागला, तेव्हा दोघींनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितले. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी लगेच निकाल दिला नाही. त्यांनी दोन्ही मुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना समुपदेशन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले. तेथे दिसून आले ते असे: मुलींचा निर्णय पक्का होता, पण आईवडिलांवरची त्यांची माया तसूभरही कमी झालेली नव्हती. जबरदस्तीने आपली ताटातूट होईल, एवढीच त्यांना भीती होती. आईवडिलांना मात्र लोकनिंदेची आणि मुलींच्या सुरक्षिततेची चिंता खात होती.

पुढे जे घडले ते क्वचितच घडते. या विषयातले आपले ज्ञान अपुरे आहे हे न्यायमूर्तींनी मोकळेपणाने मान्य केले आणि स्वतः त्याच मानसशास्त्रज्ञाकडून विषय समजून घेतला. त्यानंतर ७ जून २०२१ रोजी त्यांनी आदेश दिला. समलिंगी व्यक्तींना औषधोपचाराने 'बदलण्याच्या' प्रयत्नांना त्यात मनाई करण्यात आली आणि असे प्रयत्न करणाऱ्या व्यावसायिकांवर परवाना काढून घेण्यापर्यंतची कारवाई व्हावी, असे बजावण्यात आले.

विज्ञानाने हा प्रश्न फार पूर्वी निकालात काढला आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी कल आजारांच्या यादीतून वगळला. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणाला मान्यता मिळाली, त्यातही त्याला आजार म्हणून जागा उरली नाही. आपल्याकडे भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीर केली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निर्णय दिला. 'बरे करण्याच्या' नावाखाली एके काळी विजेचे झटके आणि मळमळ आणणारी औषधे दिली जात. त्याने कल बदलत नसे, माणूस मात्र खचून जाई. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे स्पष्ट केले.

मग समुपदेशकाकडे जायचेच कशाला, असे कोणी विचारील. समलिंगी असणे हा आजार नसला, तरी लपूनछपून जगण्याचा ताण खरा असतो. वर्गातली टिंगल, घरी पकडले जाण्याची धास्ती, लग्नाचा तगादा यांमुळे झोप उडते, जेवण जात नाही, कधी जीव नकोसा होतो. त्रासाचे मूळ आपल्या स्वभावात नसून सततच्या भीतीत आणि अपमानात आहे, हे ओळखून मदत करणे म्हणजे स्वीकारशील समुपदेशन. असा समुपदेशक 'तू असा का झालास?' हे विचारत नाही. तो भीती, उदासी, अपराधीपणाची भावना यांवर काम करतो. घरी सांगायचे की नाही, केव्हा आणि कोणाला सांगायचे, हे ठरवण्याचा हक्क तो त्या व्यक्तीकडेच ठेवतो. आणि प्रत्येक दुखण्याचा संबंध लैंगिकतेशी जोडत नाही. परीक्षेची काळजी ही कधी कधी फक्त परीक्षेचीच काळजी असते!

पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलगा म्हणून वाढवलेल्या व्यक्तीला आतून आपण स्त्री आहोत असे ठामपणे वाटू शकते, किंवा याच्या उलटही. हाही मनोविकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याचा समावेश मानसिक विकारांत केलेला नाही. येथे समुपदेशकाचे काम मन वळवण्याचे नसते. वैद्यकीय मदत हवी असल्यास नीट माहिती घेऊन निर्णय घेता यावा, यासाठी तो सोबत करतो.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत. 'समलिंगी असणे तुम्ही आजार मानता का?' आणि 'येथे बोललेले माझ्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगाल का?' पहिल्याचे उत्तर गुळमुळीत आले किंवा बदलून देण्याची हमी मिळाली, तर सरळ उठून यावे. दुसऱ्याचे उत्तर समुपदेशकाने नीट समजावून सांगितले पाहिजे, कारण जिवाला धोका असल्यास गुप्ततेला अपवाद करावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. जवळपास कोणी नसेल, तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आईवडिलांनाही मदतीची गरज असते. मुलांच्या संसाराची रंगवलेली स्वप्ने मोडल्याचे दुःख खोटे नसते. 'आमचे काय चुकले?' हा प्रश्न रात्र रात्र छळतो. चुकले काहीच नसते, पण हे पटायला वेळ लागतो. तो वेळ त्यांनी स्वतंत्रपणे समुपदेशकापुढे बसून घ्यावा, मुलांवर राग काढून नव्हे. तोवर सारे समजले नाही तरी चालेल. "मला अजून नीट कळत नाही, पण तू घर सोडून जाऊ नकोस," एवढे जरी आई म्हणाली, तरी पोराला रात्री शांत झोप लागते.