साऱ्यापासून स्वराज्यापर्यंत

चहाच्या पेट्या समुद्रात फेकणारी अमेरिका आपल्याला पाठ असते. खानदेश मात्र विसरतो.

१८५२ मध्ये येथे शेतसाऱ्यासाठी नवी मोजणी आली. सारा वाढेल या धास्तीने सावदा-यावल भागात हजारो शेतकरी जमले. सरकारने फौज आणून त्यांना गप्प केले. मागणी एवढीच होती : मोजणी थांबवा. नव्वद वर्षांनी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार गोळ्या झेलून पडला, तेव्हा सरकारलाच ‘चले जाव’ होते. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटून लढ्याला लावला.

वसुली विश्वासावर चालते, हे बँकेत उमेद घालवलेल्याला सांगावे लागत नाही. आज सातपुड्यात वनहक्काच्या जमिनी मोजताना १८५२ आठवावे. ज्याचे शेत, त्याला आधी विचारावे.