विश्लेषण : पुराचा इशारा सीमेवरच का अडतो?

जम्मूतील तवी नदीला मोठा पूर येण्याची शक्यता असल्याचा इशारा भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानला दिला. मात्र तो स्थायी सिंधू आयोगामार्फत नव्हे, तर इस्लामाबादमधील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत. पहलगाम हल्ल्यानंतर सिंधू पाणीवाटप करार स्थगित असल्याने नेहमीचा मार्ग बंद होता, म्हणून ही माहिती ‘मानवतेच्या भूमिकेतून’ देण्यात आली. त्याच महिन्यात चीनने आपत्कालीन परिस्थितीत नद्यांची माहिती भारताला देण्याची तयारी दाखवली. तीही मानवतेच्याच भूमिकेतून. एका सीमेवर भारत वरच्या अंगाचा, दुसऱ्या सीमेवर खालच्या अंगाचा. दोन्हीकडे पुराचा इशारा हे बंधन न राहता सौजन्याचा भाग झाला आहे.

शेजारी देशाची माहिती कशासाठी लागते?

पुराचा अंदाज वर्तवताना नदीच्या वरच्या भागातील पाऊस, पाणीपातळी आणि विसर्ग पाहून खालच्या गावी पाणी कधी व किती पोहोचेल, याचे गणित मांडले जाते. भारतात हे काम केंद्रीय जल आयोग करतो. पाणलोट क्षेत्रच दुसऱ्या देशात असेल, तर भारतातील पहिल्या मापन केंद्रावर पाणी वाढेपर्यंत हातातले बरेच तास निघून गेलेले असतात. उपग्रहावरून पाऊस आणि तलावांचा विस्तार कळतो. पण पात्रातून किती पाणी चालले आहे, हे नदीकाठच्या केंद्राइतके खात्रीने कळत नाही.

या तासांचे मोल दोन घटनांवरून लक्षात येते. एप्रिल २००० मध्ये तिबेटातील यिगाँग येथे दरड कोसळून नदी अडली. जूनमध्ये तो नैसर्गिक बांध फुटला आणि लोंढा अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात शिरला. खालच्या गावांना त्याची कल्पना नव्हती. सुमारे ३० जणांचा बळी गेला, पूल वाहून गेले, हजारो लोक बेघर झाले. त्यानंतर २००४ मध्ये सतलजची उपनदी पारेचू अशीच अडली, तेव्हा मात्र चीनने भारताला कळवले. जून २००५ मध्ये हा बांध फुटून हिमाचल प्रदेशात रस्ते व पुलांची मोठी हानी झाली, पण नदीकाठच्या लोकांना आधीच हलवता आले.

चीनबरोबरची व्यवस्था काय होती?

यिगाँगच्या दुर्घटनेनंतर २००२ मध्ये ब्रह्मपुत्रेबाबत पहिला सामंजस्य करार झाला. तिबेटातील नुगेशा, यांगचुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरील पावसाळ्यातील माहिती चीनने भारताला द्यायची, असे त्यात ठरले. पुढे सतलजसाठीही तसाच करार झाला आणि २००६ मध्ये तज्ज्ञस्तरीय यंत्रणा उभी राहिली. या माहितीसाठी भारत शुल्कही मोजत होता.

तरीही २०१७ मध्ये, डोकलामचा तणाव सुरू असताना, ही माहिती आली नाही. केंद्रांच्या दुरुस्तीचे आणि नूतनीकरणाचे कारण चीनने दिले. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. सतलजच्या कराराची मुदत २०२० मध्ये, तर ब्रह्मपुत्रेच्या कराराची जून २०२३ मध्ये संपली. आसामातील पुराचे बरेचसे पाणी भारताच्या हद्दीतील पावसाचेच असते, हे खरे. पण दरड किंवा हिमतलाव फुटून अचानक येणाऱ्या लोंढ्याची खबर तिबेटातूनच मिळू शकते. जुलै २०२५ मध्ये चीनने यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहावर, महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केल्याने या माहितीचे महत्त्व आणखी वाढले आहे.

भारत वरच्या अंगाला असतो तेव्हा?

तेव्हा हेच प्रश्न भारताला विचारले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशातील फेनी, कुमिल्ला भागात भीषण पूर आला. त्रिपुरातील गुमती नदीवरील डुंबूर धरण भारताने मुद्दाम उघडल्याचा आरोप तिथे झाला. परराष्ट्र मंत्रालयाने तो फेटाळला. हे कमी उंचीचे धरण सीमेपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि पाणी वाढल्यास विसर्ग आपोआप होतो, असे मंत्रालयाने सांगितले. त्याच निवेदनात आणखी एक तपशील होता. अमरपूर केंद्राची माहिती २१ ऑगस्टला दुपारी ३ वाजेपर्यंत बांगलादेशला पोहोचत होती. सायंकाळी ६ वाजता पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडथळे आले. म्हणजे गरज सर्वाधिक असतानाच दुवा तुटला. त्या पोकळीत अफवांना जागा मिळाली.

माहिती मिळाली की काम भागते का?

नाही. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला. त्या वेळी नदीत सुमारे दीड लाख क्युसेक पाणी होते. बंधाऱ्याची क्षमता साडेनऊ लाख क्युसेकची आहे. पाणी कमी असूनही तटबंध फुटला आणि बिहारमध्ये सुमारे ३० लाख लोकांना फटका बसला. १९५४ च्या करारानुसार जमीन नेपाळची, देखभाल भारताची. तटबंध कमकुवत होत असताना दुरुस्ती वेळेत का झाली नाही, यावर दोन्ही बाजूंनी नंतर एकमेकांकडे बोट दाखवले.

युरोपलाही हा धडा मिळाला आहे. १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर ऱ्हाइन खोऱ्यातील देशांनी १९९८ मध्ये सामायिक पूर कृती आराखडा स्वीकारला. युरोपीय महासंघाच्या २००७ च्या निर्देशानुसार, खोऱ्यातील दुसऱ्या देशाचा पूरधोका लक्षणीयरीत्या वाढेल असे उपाय त्याच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. युरोपची सामायिक पूर इशारा यंत्रणाही आहे. तरीही जुलै २०२१ मध्ये जर्मनीत १८० हून अधिक लोक दगावले. इशारे निघाले होते, पण ते गावपातळीवर वेळेत पोहोचले नाहीत.

मग मार्ग कोणता?

पाणीवाटप आणि पूर इशारा हे विषय वेगळे ठेवणे, ही पहिली पायरी. पाणी कोणाला किती मिळावे यावर वाद होऊ शकतात. लोंढा येतो आहे हे सांगण्यात कोणाचा वाटा कमी होत नाही. दुसरी पायरी म्हणजे वीज गेली तरी चालू राहणारी स्वयंचलित केंद्रे, संपर्काचा पर्यायी मार्ग आणि धरणांतील विसर्गाची आगाऊ सूचना. भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि श्रीलंकेसाठी अचानक येणाऱ्या पुरांबाबत मार्गदर्शन करणारी यंत्रणा भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुरू केली. चीन आणि पाकिस्तान तिच्या बाहेर आहेत.

चीनकडे मागणी करताना भारताला एक दाखला देता येईल. मेकाँग नदी आयोगाला चीन २००२ पासून पावसाळ्यातील माहिती देत होता. २०२० मध्ये त्याने ती वर्षभर देण्याचे मान्य केले. मेकाँगसाठी जे शक्य झाले, ते ब्रह्मपुत्रेसाठी अशक्य का, हा प्रश्न भारत नक्कीच विचारू शकतो. मात्र तवी आणि गुमतीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी तोच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तरही भारताकडे तयार असावे लागेल.