घोडा कोणाच्या नावावर?

मराठीत ‘घोडनवरी’ असा एक शब्द आहे. लग्नाचं वय उलटलं तरी घरातच असलेल्या मुलीला तो लावतात. ‘घोडनवरा’ म्हणून कोणाला हिणवलेलं मी तरी ऐकलेलं नाही. उलट नवरा मुलगा घोड्यावर बसतो आणि ते बसणं मानाचं असतं. आमच्या पनवेल तालुक्यातल्या ओवे गावात लग्नसराईत अशा वराती निघतातच. खाली घोडी, वर नवरदेव, पुढे बँडबाजा. चित्र इतकं अंगवळणी पडलं आहे की त्या घोडीला वाढवतं कोण, सकाळी खरारा कोण करतं, लीद कोण काढतं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

आमच्याकडच्या एका घरात ते काम घरची मुलगी करते. आज ती बावीस वर्षांची आहे. नाव देत नाही, कारण घरातलं प्रकरण अजून मिटलेलं नाही. वडिलांच्या दोन घोड्या, लग्नाला भाड्याने द्यायच्या. त्यातली एक व्याली तेव्हा ही नववीत होती. घोडी अकरा महिने गाभण असते, त्यामुळे एक हंगाम बुडाला होता आणि शिंगराचं कौतुक कोणालाच नव्हतं. त्यातून ते मादी. हिने ते आपलं मानलं.

शिंगराला माणसाच्या हाताची सवय पहिल्या दिवसांपासून लावावी लागते. अंगावरून हात फिरवायचा, चारही पाय उचलून धरायचे, कारण पुढे दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येणार आणि त्याला लाथ बसली तर तो परत यायचा नाही. मग दाव्याने चालवायचं. पाठीवर खोगीर मात्र तीन-साडेतीन वर्षांशिवाय नाही. दोन वर्षांचा घोडा उंचीने मोठा दिसतो, पण त्याच्या गुडघ्याची हाडं अडीच वर्षांच्या सुमाराला पक्की होतात आणि मणक्यांची वाढ तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. त्याआधी वजन टाकलं, उड्या मारायला लावलं, की जनावर लंगडं होतं. घरच्यांचा विचार दोन वर्षांची झाली की झूल घालून वरातीत उभी करायची असा होता. मुलीने ते होऊ दिलं नाही. दोन वर्षं घरात याच एका गोष्टीवरून भांडणं झाली.

लष्कराच्या घोडदळातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी तिला रविवारी शिकवायचं कबूल केलं. आधी लांब दोरीवर गोल फिरवणं. जुन्या भाषेत याला कावा देणं म्हणतात. मग जमिनीवर बांबू आडवे टाकून त्यांच्यावरून दुडक्या चालीने नेणं, म्हणजे पाऊल कुठे टाकायचं ते घोडी स्वतः शिकते. मग बांबू वीतभर उचलायचा, काही महिन्यांनी हातभर. उडी मारते घोडी. स्वाराचं काम तिला योग्य अंतरावर, योग्य वेगाने आणून सोडायचं, आणि ती हवेत असताना तोंडातला लगाम ओढून तिचा तोल बिघडवायचा नाही. हे सगळं इमारत न चढलेल्या रिकाम्या प्लॉटवर, सकाळी साडेपाच ते साडेसात. त्यानंतर कॉलेज. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात कळ उठली तर जिवावर बेततं. डॉक्टर येईपर्यंत घोडीला चालवत ठेवण्यात तिच्या दोन रात्री गेल्या आहेत.

घरातल्या थोरल्या आत्याची हरकत वेगळीच होती. मुलीने दोन्हीकडे पाय टाकून बसू नये, ‘पुढे लग्नात अडचण येते’. योनिपटल खेळाने, सायकलने किंवा कशानेही ताणलं जाऊ शकतं, काहींना ते जन्मतःच फारसं नसतं आणि त्यावरून कौमार्य ओळखता येत नाही, हे आपण आरोग्य शिबिरांतून किती वर्षं सांगतो आहोत! सर्वोच्च न्यायालयाने बलात्कार झालेल्या स्त्रीच्या तपासणीतली ‘दोन बोटांची चाचणी’ हा गैरप्रकार आहे असं ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात पुन्हा एकदा बजावलं. तरी आत्याबाई आहेतच.

हे लिहायचं ठरलं तेव्हा एका मैत्रिणीने विचारलं, ‘श्रीमंतांचा खेळ, आपल्या अंकात कशाला?’ प्रश्न रास्त आहे. हा खेळ फक्त श्रीमंतांचाच नव्हे, तर हुद्देदारांचा होता. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला तालात, इशाऱ्यावर चालवण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवलं. पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं. कारण संघातला एक स्वार अधिकारी नसून नुसता सार्जंट निघाला! बायकांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांना ड्रेसाज खुलं झालं १९५२ साली, अडथळ्यांवरून उड्या मारायचा शो जम्पिंग हा प्रकार १९५६ साली आणि तीन दिवसांची मिश्र स्पर्धा १९६४ साली. पहिल्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक घेतलं. १९४४ साली गरोदरपणात तिला पोलिओ झाला होता, गुडघ्याखाली पाय लुळे होते, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य घेतलं.

तेव्हापासून हा ऑलिम्पिकमधला असा खेळ आहे की ज्यात बायका आणि पुरुष एकाच मैदानात, एकाच उंचीच्या अडथळ्यांवर, एकाच निकालपत्रकात उतरतात. दांडा पाडला तर दंड चार गुण, कोणीही पाडो. ‘बायकांची ताकद कमी’ हा नेहमीचा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण पाचशे किलोच्या जनावरापुढे पुरुषाची ताकदही कमीच.

मग निकाल काय सांगतात? ड्रेसाजमध्ये १९८८ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक ऑलिम्पिकचं वैयक्तिक सुवर्ण बाईने घेतलं आहे. मिश्र स्पर्धेत जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीने टोकियोत, २०२१ साली, ते पहिल्यांदा घेतलं. शो जम्पिंगमध्ये २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकाही बाईला वैयक्तिक सुवर्ण मिळालेलं नाही. वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली बाई इंग्लंडची मॅरियन कोक्स, १९६८ सालच्या मेक्सिकोत, रौप्य. तिचा घोडा स्ट्रोलर हा घोडा नव्हेच, पावणेपाच फूट उंचीचं तट्टू! मुलगी मोठी झाली, आता तट्टू विकावं, असं वडिलांच्या मनात होतं. तिने विकू दिलं नाही. मला या गोष्टीत उडीपेक्षा ‘विकू दिलं नाही’ हे जास्त मोठं वाटतं.

कारण माझं म्हणणं असं आहे की शो जम्पिंगमध्ये बाई मागे राहते ती अडथळ्यापाशी नव्हे, खरेदी-विक्रीच्या कागदापाशी. ऑलिम्पिकला उतरणारा शो जम्पिंगचा घोडा किमान नऊ वर्षांचा असावा लागतो. म्हणजे शिंगरापासून वाढवायचं तर मुलीच्या आयुष्यातली पंधरा ते पंचवीस ही वर्षं. नेमकी हीच वर्षं आपल्याकडे तिला ‘उजवण्यासाठी’ राखून ठेवलेली असतात. आणि घोडा तयार झाला की त्याला किंमत येते. किंमत आली की तो कोणाच्या तरी मालकीचा असल्याची आठवण होते.

आपल्या इतिहासात यासाठी नेमके शब्द आहेत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन लढाईला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. दोघेही लढत, दोघेही मरत. पण शिलेदाराला आपला घोडा घेऊन घरी जाता येई. लक्ष्मीबाईंचे घोड्यावरचे पुतळे आपण चौकाचौकांत उभारले, ताराबाई आणि उमाबाई दाभाडे यांची नावं भाषणांत घेतो. प्रत्यक्षात आजच्या साध्या घरातल्या मुलीला घोड्यावर बसायचं तर एन.सी.सी.चं अश्वपथक हा एक रस्ता आहे, तो चांगला आहे, पण तिथला घोडा सरकारी. शिक्षण संपलं की उतरायचं. तिथे ती बारगीर आहे.

आणि शिलेदार कोण? २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण घेतलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. चौघांत दोन मुली, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह. दोघे मुलगे, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. मुलींनी केलेलं काम अस्सल आहे, त्याबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही. पण ते घोडे युरोपातले, तयारीही तिकडची. भारतातून घोडा स्पर्धेला परदेशी नेणं रोगप्रतिबंधक नियमांमुळे जवळजवळ अशक्यच होतं. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी अश्वकेंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली, तेव्हा कुठे वाट थोडी उघडली. तोपर्यंत परदेशात घोडा ठेवू शकणाऱ्या घरांतल्या मुलीच शिलेदार होऊ शकत होत्या.

आता ओव्याकडे परत येते, कारण ‘कोणाच्या नावावर’ हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यात आमचं गाव होतं. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. बायका त्या मोर्च्यांत होत्या, लाठ्या त्यांनीही खाल्ल्या. भूखंड वाटपाची वेळ आली तेव्हा घरोघरी बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं गेलं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला तो २२ जून १९९४ पासून, आणि तोही त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट झालं. तोपर्यंत बहुतेक सह्या होऊन गेल्या होत्या. साडी-चोळी आणि माहेर तुटू नये ही भीती, एवढ्यावर.

आता या मुलीचं. घोडी सात वर्षांची आहे, मीटरभर उंचीचा अडथळा सहज घेते. मुलीला स्थळ आलेलं आहे. भावाचं म्हणणं, लग्नाचा खर्च घोडीतून काढावा. सारंगखेड्याच्या बाजारात चांगला भाव येईल. वडिलांचं म्हणणं, मुलगी सासरी घोडी घेऊन जाणार आहे का? दोघेही आवाज चढवत नाहीत. गेल्या सात वर्षांतला दाणा-गवत वडिलांचं, हे ते शांतपणे सांगतात, आणि ते खरंही आहे. सात वर्षांतल्या पहाटेंचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नाही. शेतात राबणाऱ्या, गोठा सांभाळणाऱ्या बायकांना आपण हेच ऐकताना पाहिलं आहे. ‘घरचंच तर काम.’

गटातल्या आम्ही तिघी जाऊन बोललो. घोडी वडिलांच्या कमाईची, म्हणून वारसाहक्काचा कायदा इथे लागत नाही. वडील हयात आहेत, ती त्यांनी कोणालाही द्यावी. पण घोडी जंगम मालमत्ता आहे. मुलीला बक्षीस द्यायची तर नोंदणीची सक्ती नाही, ताबा दिला तरी कायद्याला पुरतं. आम्ही म्हटलं, ताबा तर सात वर्षं तिचाच आहे. एक साधा कागद करा, दोन साक्षीदार घ्या, म्हणजे स्पर्धेसाठी घोडीची नोंद होईल तेव्हा मालकाच्या रकान्यात तिचं नाव येईल. वडील ‘बघू’ म्हणाले. आई चहा घेऊन आली, तिने कप ठेवता ठेवता विचारलं, ‘साक्षीदार बाई चालते का?’ चालते, म्हटलं.

कागद आम्ही लिहून दिला आहे, सही अजून झालेली नाही. स्थळाकडच्यांना घोडीबद्दल स्वतःच सांगायचं मुलीने ठरवलं आहे. सारंगखेड्याचा बाजार दत्तजयंतीला भरतो. त्याला अजून दीड महिना आहे.