लंगोट चोरणाऱ्याची बाजू

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक भांडण झाले. भांडण म्हणजे हातघाईचे नव्हे. चहाचे कप बशीवर जरा जोराने आपटले गेले, एवढेच. निमित्त होते एका अमेरिकन बोलपटाचे. माझ्या भाच्याने तो मला त्याच्या लॅपटॉपवर दाखविला, मी पोट धरून हसलो, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत न राहवून त्याची गोष्ट सांगत बसलो. गोष्ट निम्मीही झाली नव्हती, तोच इतिहास शिकविणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी गंभीर झाले. अत्यंत सज्जन गृहस्थ. म्हणाले, "सर, चोराला हसायचं की चोराची कीव करायची, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम चालायचं नाही. आपण शिक्षक आहोत."

'आपण शिक्षक आहोत' या वाक्यापुढे आमच्या खोलीत कोणाचे काही चालत नाही. त्यातून मी पडलो चित्रकलेचा मास्तर, शिक्षण मॅट्रिकपुरते, वर एक रंगकामाची पदविका. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून कोणी विद्वान होत नाही. मी गप्प बसलो. पण आता दिवाळी आहे, संपादकांनी चार पाने दिली आहेत, आणि ते इतिहासाचे सर हा अंक विकत घेतात हे मला ठाऊक आहे. तेव्हा त्या दिवशीचे उत्तर आज देतो.

बोलपटाचे नाव 'रेझिंग ॲरिझोना'. 1987 सालचा. जोएल आणि ईथन कोएन या दोघा भावांनी केलेला. त्याचा नायक एच. आय. मॅकडनो, सगळे त्याला नुसते 'हाय' म्हणतात. निकोलस केज हा नट ती भूमिका करतो. हा हाय रात्री उघडी असणारी किरकोळ दुकाने लुटतो, पण पिस्तुलात गोळी म्हणून घालीत नाही. पकडला जातो, तुरुंगात जातो, पॅरोलचे मंडळ त्याला 'आता सुधारलास ना?' असे विचारते, तो 'हो' म्हणतो, सुटतो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आत. दर खेपेला त्याचे समोरून आणि बाजूने फोटो काढायला एकच पोलीस बाई असते. तिचे नाव एडविना. होता होता त्या फोटोंच्या खोलीतच दोघांचे सूत जमते. लग्न होते. हाय चोरी सोडतो आणि एका कारखान्यात पत्र्याला भोके पाडण्याच्या कामाला लागतो.

इथवर आमच्या सरांचीही काही तक्रार नव्हती. चोर सुधारला, संसाराला लागला. पुढे या बाईला मूल होणार नाही असे डॉक्टर सांगतात. दत्तक घ्यायला जावे, तर नवऱ्याचा पूर्वेतिहास आड येतो. बायकोने पोलीस खात्यात इमानाने केलेली नोकरी एका पारड्यात, आणि नवऱ्याचे तुरुंग दुसऱ्या. कोणते जड झाले हे सांगायला नको. त्याच सुमारास बिनरंगाचे लाकडी सामान विकणाऱ्या एका बड्या दुकानदाराला एकदम पाच मुले होतात. आमच्या या नवराबायकोला वाटते, पाच म्हणजे जरा जास्तच झाली. आणि ते त्यांतले एक उचलून आणतात! मुलाबरोबर बालसंगोपनावरचे डॉक्टर स्पॉक यांचे पुस्तकही उचलतात. पुढे ते मूल ज्याच्या ज्याच्या हाती पडते, त्याच्या त्याच्या हाती ते पुस्तकही पडत जाते.

पण मला बोलायचे आहे ते लंगोटांविषयी. मूल घरात आले म्हणजे लंगोट लागतात. आजच्या भाषेत डायपर. बायको मुलाला घेऊन मोटारीत बसली आहे, आणि हा गृहस्थ डायपर आणायला म्हणून दुकानात शिरतो. शिरताना डोक्यावर बायकांचा पायमोजा ओढतो! एका हातात पिस्तूल, दुसऱ्या हातात डायपरचे पुडके. गल्ल्यावरचा पोरगा त्याच्याहून मोठे पिस्तूल काढतो, पोलीस येतात, बायको संतापून मोटार घेऊन निघून जाते, गल्लीबोळांतली कुत्री मागे लागतात. आणि हा माणूस परक्यांच्या परसांतून, घरांतून, एका मोठ्या बाजारातून जीव घेऊन पळतो. पुडके वाटेत रस्त्यावर पडते. शेवटी बायकोच परत येऊन त्याला गाडीत घेते, आणि तो चालत्या गाडीचे दार उघडून, खाली वाकून, रस्त्यावरचे ते पुडके उचलतो.

मी हसलो तो इथे. आणि हसता हसता माझ्या घशाशी काहीतरी आले तेही इथेच. सर, दोन्ही एकदम चालते ते असे. या चोरीत लोभ किती आणि सवय किती? बाप होण्याची धडपड किती? तराजू घेऊन बसा आणि सांगा.

तुम्ही म्हणाल, गुन्हेगारावर चित्रपट काढायचाच तर तो आपल्या शांतारामबापूंसारखा काढावा. 'दो आँखें बारह हाथ', 1957 साल. त्याचे मूळ आपल्याच मातीतले. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत 1939 साली उभी राहिली, ना भिंत, ना बेड्या. कथा लिहिली त्याच मुलखातल्या माडगूळकरांनी. सहा खुनी कैदी, एक वेडा जेलर, आणि खडकाळ माळाचे हिरवे शेत. पुढच्या वर्षी बर्लिनला रौप्य अस्वल मिळाले. मी तो चित्रपट पाच वेळा पाहिला आहे आणि पाचही वेळा रडलो आहे. त्याला नावे ठेवणाऱ्याच्या पंक्तीला मी बसणार नाही.

पण एक विचारतो. तो पाहून घरी आल्यावर आपल्यापैकी कितीजणांनी एखाद्या सुटलेल्या कैद्याला माळ्याचे काम दिले? आपण रडलो, कारण त्या सहाजणांची जबाबदारी जेलरने घेतली होती. त्याने जीवही दिला. आपल्याला डोळे पुसण्यापलीकडे काही काम उरले नाही! कोएन बंधूंचा बोलपट ही सोय ठेवीत नाही. त्यात जेलर नाही. त्यात आहेत ते आपण: अर्जावर 'नाही' असा शेरा मारणारी कचेरी, आणि कारखान्यातला मुकादम. हा मुकादम मोठा संभावित. बायकोपोरे घेऊन सहलीला येतो, पोरे नुसता धुमाकूळ घालतात, आणि तो हायला बाजूला नेऊन जो प्रस्ताव मांडतो तो या अंकात छापण्याजोगा नाही. हाय त्याला ठोसा लगावतो. नोकरी जाते कोणाची? ठोसा मारणाऱ्याची.

विनोदामुळे गुन्हा हलका होतो, हा सरांचा दुसरा मुद्दा. उलट आहे. जो पूर्वीचा चोर आपल्याला रडवितो, त्याला आपण देव करून टाकतो, आणि देवाला कोणी नोकरी देत नाही. जो हसवितो तो शेजारी वाटतो. शिवाय या बोलपटात सगळेच हसू नाही. त्यात मोटारसायकलवरून येणारा एक भयंकर माणूस आहे, पैशासाठी माणसे हुडकणारा, आणि तो पहिल्यांदा दिसतो तो हायच्या स्वप्नात. आपल्याच पूर्वायुष्याची भीती वाहनावर बसून यावी, तसा तो येतो. आणि मूल? ते दोघे स्वतःहून ते परत पाळण्यात नेऊन ठेवतात. तो दुकानदार त्यांना पकडतो, पण पोलिसांना बोलावीत नाही. दोघे विभक्त व्हायला निघालेत हे कळल्यावर एक रात्र विचार करा म्हणून सांगतो.

एका बाबतीत मात्र सरांचे खरे आहे. ज्या आईचे मूल नेले, तिच्याकडे हा बोलपट नीट पाहतच नाही. ती दोनचार वेळा दिसते आणि जाते. मूल चोरणारीचे दुःख आम्ही तासभर पाहतो, मूल गमावणारीचे नाही. ही उणीव आहे, आणि हसण्याच्या भरात ती झाकली जाते. शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली म्हणजे त्याचा ऊस उभ्या उभ्या वाळतो. त्याला चोराची गंमत सांगायला मी जाणार नाही.

विहिरीवरच्या मोटारीचे उगाच काढले नाही. माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. अक्षर असे वळणदार, की नववीत असताना शाळेतले सगळे फलक मी त्याच्याकडून रंगवून घेत असे. पुढे कोणाच्या तरी टेंपोवर कामाला लागला, टेंपोत चोरीच्या मोटारी सापडल्या, आणि तो आत गेला. सुटून आला तो ऐन दिवाळीत माझ्या घरी. चिवड्याची बशी हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "सर, शाळेची भिंत रंगवायचीय म्हणे. नकाशा मी काढतो. पैसे काय द्यायचे ते द्या."

खरेच रंगवायची होती. पटांगणाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, 36 जिल्ह्यांचा. मी बैठकीत विषय काढला. चिटणीस म्हणाले, "सर, पोरांच्या शाळेत?" बस, इतकेच. आणि मी, जो आज चार पाने भरून न्याय मागतो आहे, तो तिथे म्हणालो, "नाही, मी आपला नुसता सुचवीत होतो." नकाशाचे काम फ्लेक्स छापणाऱ्याला गेले. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात मराठवाड्यापासून तो फाटला.

पुढे आठ महिन्यांनी तो मुलगा तांब्याच्या तारेसह पकडला गेला. ही बातमी आली त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतला चहा जरा गोडच झाला होता. "पाहिलंत ना, सर?" असे मला तिघांनी विचारले. कोणी वाईट माणसे नव्हेत ती. त्यांचे म्हणणे खरे ठरले होते, त्याचा तो आनंद. ते खरे ठरावे म्हणून आपण सर्वांनी, माझ्यासकट, किती मेहनत घेतली होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

तो माघात सुटतो आहे. त्याच्या नावाचा अर्ज मी गणेशोत्सवातच चिटणिसांकडे दिला. त्यावर 'चर्चा करू' असा शेरा आहे. दोनदा विचारले, दोनदा चर्चा व्हायची राहिली. फाटक्या फ्लेक्सची चौकट मात्र मी गेल्या आठवड्यात शिपायाला घेऊन उतरविली आणि भिंतीला चुन्याचा पहिला हात दिला. मराठवाड्याच्या बाजूला ओल आहे, तिथे दुसरा हात लागेल. इतिहासाचे सर बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी शिडी धरली.