पहाटे पाचची मंडळी

थंडी पडली की शर्यतींचे दिवस येतात. पुण्यात १९८३पासून, मुंबईत २००४पासून मॅरेथॉन भरते आणि दुसऱ्या दिवशी विजेत्यांचे फोटो छापून येतात. आम्ही हा अंक काढला आहे तो गावोगावच्या रनिंग क्लबांमधल्या जुन्या, मुरलेल्या धावपटूंवर. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढताना साठीतले एखादे काका मुद्दाम मागे राहतात, धापा टाकणाऱ्या नवख्याला "बोलता येईल इतक्याच वेगानं पळ" म्हणतात आणि वर पोचल्यावर पिशवीतून लिंबू-मिठाचं पाणी काढून देतात. गुडघे कुरकुरू लागल्यावरही ही माणसं पहाटे येतात ती सोबतीसाठी, असं आमचं ठाम मत आहे. तुमच्या क्लबातल्या अशा काका-मावशींबद्दल आम्हाला जरूर लिहून पाठवा.