धोंडीबाचे सवाल

आमच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, कुंभारवाडा आहे, कागदीपुरा आहे. बापाचा धंदा हाच मुलाचा पत्ता, अशी ही जुनी वस्ती. इथल्या मुलांना ‘गुलाम’ म्हटले की हजरत बिलाल आठवतात, नाहीतर अमेरिकेतले साखळदंड. म्हणजे दूरची, संपलेली गोष्ट. म्हणून यंदा आठवीच्या मुलींपुढे आम्ही जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ ठेवले.

पुस्तक १८७३ चे. अमेरिकेत गुलामी कायद्याने बंद होऊन तेव्हा आठच वर्षे झाली होती. तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना जोतीरावांनी ते अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा धरली. पुण्यात बसून त्यांनी त्या परक्या गुलामाचे आणि इथल्या शूद्र-अतिशूद्रांचे दुःख शेजारी शेजारी मांडले.

सगळे पुस्तक म्हणजे धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद, सोळा भागांचा. अवतारांच्या कथांचा जोतीराव उलटा अर्थ लावतात. इतिहास म्हणून त्यातले सारेच आज टिकणार नाही, आणि भाषा तर चांगलीच बोचरी आहे. पण गुलामी धर्माच्या नावाने शिकवली की गुलामाला ती दिसेनाशी होते, हे त्यांचे म्हणणे कोण खोडणार? आम्हाला तर जोतीरावांच्या उत्तरांपेक्षा धोंडीबाचे सवालच जास्त मोलाचे वाटतात.

वाचकहो, एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. लहानपणी जोतीरावांची शाळा सुटली होती. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची, गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. शेजाऱ्याच्या मुलाच्या शाळेची एवढी फिकीर आज कोण करतो!

वर्गात एक मुलगी जोतीराव झाली, दुसरी धोंडीबा. दोन पाने नीट झाली. मग धोंडीबाने पुस्तक मिटले आणि आपलाच सवाल केला, “टीचर, नमाजला सगळे एका सफमध्ये उभे राहतात. मग आपाच्या रिश्त्याच्या वेळी ‘बिरादरी कोणती, रंग कसा’ हे आधी का विचारलं?”

कुणी हसले नाही. आम्ही सवाल फळ्यावर लिहिला आणि सांगितले, घरी विचारून या.

दुसऱ्या दिवशी बहुतेक वह्यांत एकच उत्तर होते: रिवाज आहे. एकीने लिहिले, अब्बा म्हणाले, अभ्यास कर. एका मुलीच्या वहीत मात्र पानभर मजकूर होता. तिच्या दादीजानला सावळ्या रंगावरून दोन घरांनी नाकारले होते. दादीजानने हे आजवर कुणाजवळ बोलले नव्हते, मुलांजवळसुद्धा नाही.

त्या आता रात्री नातीकडून ‘गुलामगिरी’ वाचून घेतात. सहाव्या भागापर्यंत आल्या आहेत.